संज्ञा, शिवार आणि हिशोब

ग्रामीण मराठवाड्यातील शाळांत पर्यावरणाचा विषय शिकवणाऱ्याच्या एक गोष्ट लवकरच ध्यानात येते, ती अशी की, शेतकरी आणि शेतमजुरांच्या मुलांना परिसराची माहिती भरपूर असते, पाठ्यपुस्तकातील संज्ञाही त्यांना पाठ असतात, आणि तरीही परीक्षा होईपर्यंत या दोहोंची गाठ पडत नाही. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी आणि तिच्या आसपासची गावे या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहेत. ऑगस्ट २०२३ पासून मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे या गावाचे नाव देशभर गेले. परंतु त्या आंदोलनाच्या मुळाशी असलेला शेतीचा प्रश्न या शिवारात त्याही आधीपासून आहे, आणि तो पाण्याचा, मातीचा व पिकांच्या किडींचा प्रश्न असल्यामुळे शाळेच्या दृष्टीने तो पर्यावरणाचाच पाठ आहे. धुळे-सोलापूर महामार्गावरील वडीगोद्री, गोदावरीच्या काठचे शहागड, साखर कारखान्याचे अंकुशनगर, कापूस, तूर, सोयाबीन, मोसंबी आणि ऊस यांची शेते, पैठणच्या जायकवाडी धरणाचा तालुक्यातून जाणारा डावा कालवा एवढ्या मुलुखात पाठ्यपुस्तकातील जवळजवळ प्रत्येक पर्यावरणीय संज्ञेचे उदाहरण सापडते, आणि ते बहुधा मुलाच्या स्वतःच्या घराशी जोडलेले असते.

पर्यावरण शिक्षण शाळेत आले त्यामागे न्यायालयाचा आग्रह आहे. राज्यघटनेच्या ४२ व्या दुरुस्तीने १९७६ मध्ये नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले, एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिक्षणात सक्तीने आणण्याचे निर्देश दिले आणि २००३ मध्ये त्यांच्या अंमलबजावणीचा पाठपुरावा केला. महाराष्ट्रात बालभारतीने प्राथमिक वर्गांसाठी ‘परिसर अभ्यास’ आणला, तिसरीच्या मुलांना आपापल्या जिल्ह्याचे पुस्तक दिले, आणि पुढे नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय लागला. ही पुस्तके वाईट नाहीत. काही पाने तर फार विचारपूर्वक लिहिलेली आहेत. पुस्तक साऱ्या राज्यासाठी किंवा फार तर जिल्ह्यासाठी असते आणि पाऊस मात्र महसूल मंडळागणिक वेगळा पडतो, एवढी एक बाब शिक्षकाने सांभाळायची असते.

पावसापासूनच आरंभ करणे या भागात सोयीचे ठरते, कारण पावसाविषयीची एक शासकीय संज्ञा येथील मुलांना शाळेत येण्याआधीच ठाऊक असते, ती म्हणजे ‘अतिवृष्टी’. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तर त्याला अतिवृष्टी म्हणतात. पीकनुकसानीचे पंचनामे आणि मदत यांच्या चर्चेत हा आकडा घराघरांत येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात शेते पाण्याखाली गेली, तेव्हा पाचवी-सहावीतील मुलेही मंडळाचा आकडा सांगत होती. मात्र एक मिलिमीटर पाऊस म्हणजे किती पाणी, असे विचारल्यास वर्ग गप्प होतो. त्याचे उत्तर साधे आहे: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी बरोबर एक लिटर भरते. एका एकरात सुमारे ४,०४७ चौरस मीटर असतात. या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो असे धरले, तर एका एकरावर वर्षभरात २६ लाख लिटर पाणी पडते, म्हणजे उन्हाळ्यात गावात येणाऱ्या बारा हजार लिटरच्या टँकरच्या दोनशेंहून अधिक खेपा. हा गुणाकार फळ्यावर मुलांनी स्वतः केला, की वर्गातील कुजबुज थांबते, आणि मग एखादा मुलगा विचारतोच की, एवढे पाणी पडते तर मार्चमध्ये टँकर का लागतो. पाणलोट, अपधाव, पुनर्भरण, बाष्पीभवन या चारही संज्ञा त्या एका प्रश्नाच्या उत्तरात येतात, आणि त्या प्रश्नाआधी त्या सांगणे व्यर्थ असते, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

भूजल ही यापुढची आणि अधिक कठीण संज्ञा आहे, कारण भूजल दिसत नाही आणि पुस्तकातील चित्रात ते जमिनीखालच्या निळ्या तळ्यासारखे काढलेले असते. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भूभाग बेसाल्ट या काळ्या अग्निजन्य खडकाचा आहे. हा खडक लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला. त्यातील अभंग, घट्ट पाषाणात पाणी जवळजवळ मुरत नाही, ते वरच्या झिजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यात राहते. पाणी धरून ठेवणाऱ्या अशा थराला जलधर म्हणतात. ज्यांच्या घरी विहीर खोदली गेली आहे त्या मुलांना हे थर माहीत असतात: वर काळी माती, मग पांढरी चोपण किंवा मुरूम, मग मांजऱ्या, मग सुरुंग लावावा लागला तो काळा पाषाण. विहिरीच्या कडेला उभे राहून मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली हे थर वरून खाली मोजायला सांगितले, आणि ‘पाणी कोठून सुटले’ एवढेच विचारले, तर जलधराची व्याख्या मुले आपणच देतात. या भागातील झरे कोणत्या थराला लागतात आणि पाषाणाला टेकल्यावर विहीर खोदणारे काय करतात, हे सांगताना मुलांचे आजोबा शिक्षकापेक्षा अधिक नेमके बोलतात, आणि त्यांना वर्गात बोलावण्यात शिक्षकाला कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही.

विहिरीची पाणीपातळी मोजण्यासाठी एक दोर, त्याला बांधलेला दगड आणि मीटरमीटरवर मारलेल्या गाठी एवढे साहित्य पुरते. जुनी माणसे खोली परस या जुन्या मापात सांगतात, मुले मीटरमध्ये लिहितात, आणि एकाच विहिरीची दोन मापे शेजारी शेजारी आली, की एकक म्हणजे काय हा गणिताचा पाठही त्यातच होऊन जातो. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा घेते. शाळेने तेच महिने धरले, तर मुलांच्या वहीतील आकडे आणि शासनाचे आकडे एकमेकांजवळ ठेवून पाहता येतात. ऑक्टोबरमध्ये चार मीटरवर असलेले पाणी मार्चमध्ये अकरा मीटरवर गेले, असे वहीत दिसले, तर मधल्या सात मीटरचे काय झाले, हा प्रश्न अटळ होतो, आणि येथून पुढे पर्यावरण शिक्षण सोयीचे राहत नाही.

सोयीचे राहत नाही याचे कारण असे की, ते सात मीटर पाणी वर्गातल्याच कोणाच्या तरी शेतात गेलेले असते. पाटाने पाणी दिलेल्या उसाला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाणी लागते, म्हणजे या जिल्ह्यात पडणाऱ्या पावसाच्या सुमारे तिप्पट. वरचे पाणी कालव्यातून, विहिरीतून नाहीतर बोअरमधून येते. ही वजाबाकी मांडताना ज्याच्या घरी ऊस आहे त्या मुलाला वर्गासमोर दोषी ठरवले गेले, तर तो मुलगा त्या विषयाला कायमचा दुरावतो, आणि त्याच्या घरी शाळेविषयी राग बसतो. त्याचे वडील ऊस लावतात, कारण उसाला ठरलेला भाव आणि ठरलेला खरेदीदार आहे, तसा ठरलेला खरेदीदार मोसंबीला किंवा कापसाला नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या आणि कित्येकांनी वर्षानुवर्षे जोपासलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालवली, हे त्या घराने पाहिलेले असते. म्हणून वजाबाकी मांडायची ती साऱ्या गावाची मांडावी. हिवरे बाजार या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, म्हणजे पाऊस किती झाला, त्यातून माणसांना, जनावरांना आणि पिकांना किती पाणी उपलब्ध आहे, हे ग्रामसभेपुढे मांडून त्यानुसार पिके ठरवली जातात. शेतीसाठी बोअर घेण्यास तेथे बंदी आहे. ताळेबंद ही संज्ञा मुलांना सहज उमगते, कारण तीत कोणी चोर नसतो, जमा आणि खर्च मात्र असतो, आणि खर्च जमेपेक्षा वाढला तर काय करायचे, हा निर्णय मोठ्यांनी एकत्र बसून घ्यायचा असतो, हे मुलांना कळते.

जालना जिल्ह्यातच कडवंची हे गाव पाणलोट विकासासाठी नावाजलेले आहे. मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने विजयअण्णा बोराडे यांच्या नेतृत्वाखाली इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून तेथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम उभे केले. टेकडीवर सलग समतल चर, खाली बांधबंदिस्ती, ओघळींवर बंधारे असा तो क्रम होता, आणि त्यानंतर द्राक्षबागा आणि शेततळी यांनी त्या गावाचे रूप पालटले. मुलांची सहल तेथे न्यावी हे खरेच, परंतु तेथून परतताना एक अवघड गोष्टही मुलांना सांगितली पाहिजे. शेततळे हे दोन प्रकारचे असू शकते. एक शेततळे वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवते आणि थोडे जमिनीत मुरूही देते. दुसऱ्याला प्लास्टिकचे अस्तर असते, त्यातून काही मुरत नाही, आणि ते पावसाच्या अपधावाने भरण्याऐवजी पावसाळ्याच्या अखेरीस विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरले जाते. म्हणजे जमिनीखाली सर्वांसाठी सावलीत असलेले पाणी एकाच्या शेतात उन्हाखाली आणले जाते आणि त्यातील बराच भाग हवेत उडून जातो. दोन्हींना शेततळेच म्हणतात, दोन्हींना जलसंधारण या सदरात अनुदान मिळू शकते. आठवीतल्या मुलीला पहिले शेततळे आणि दुसरे शेततळे यांतला फरक पाण्याचा मार्ग काढून दाखवता आला, तर तिला ‘पुनर्भरण’ आणि ‘साठवण’ या दोन्ही संज्ञा कळल्या असे खात्रीने म्हणता येते. ही गुंतागुंत मुलांना झेपणार नाही, अशी शंका शिक्षकच अधिक घेतात. बाग वाचवण्यासाठी शेततळे घेणाऱ्या घरातील मुलांना ती सहज झेपते, कारण बाग जगवण्याची निकडही त्यांना माहीत असते.

पाण्याइतकाच कापूस बोलका आहे. नैसर्गिक निवड आणि प्रतिकारक्षमता या संज्ञा दहावीच्या पुस्तकात दूरच्या देशांतील उदाहरणांनी येतात, आणि इकडे जालना ही महिको या बियाणे कंपनीची जन्मभूमी आहे, जिने १९६४ पासून येथे काम केले आणि जिच्या सहभागातून २००२ मध्ये देशातील पहिले जनुकीय बदल केलेले पीक, म्हणजे बीटी कापूस, शेतात आले. बीटी कापसाच्या झाडात एका जिवाणूचे जनुक घातलेले असते, त्यामुळे बोंडअळीला मारक ठरणारे प्रथिन झाडातच तयार होते. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगरबीटी बियाण्याचे वेगळे पाकीट येत असे, ज्याला शेतकरी ‘रेफ्युजी’ म्हणत. ते शेताच्या कडेने लावायचे असे. हेतू असा की, तेथे काही अळ्या जगाव्यात आणि बीटी पचवणाऱ्या विरळ अळीच्या पतंगाचा संकर या साध्या पतंगांशी व्हावा, म्हणजे पुढच्या पिढीत प्रतिकारक्षमता पसरू नये. बहुतेक ठिकाणी ते पाकीट बांधावरच राहिले, कारण अळीसाठी पीक लावायचे हा सल्ला ज्याच्याकडे चार एकर जमीन आहे त्याला पटण्याजोगा नव्हता आणि कोणी तो नीट समजावूनही सांगितला नाही. शेंदरी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली, आणि २०१७ च्या हंगामात राज्यभर कापसाचे अतोनात नुकसान झाले.

हा पाठ शिकवताना डोमकळी हातात घेणे आवश्यक असते. शेंदरी बोंडअळीने आत शिरून पाकळ्या जाळ्याने शिवून टाकलेले फूल पूर्ण उमलत नाही, मिटलेल्या गुलाबाच्या कळीसारखे दिसते. त्यालाच डोमकळी म्हणतात. ती दोन्ही अंगठ्यांनी उलगडली, की आत पराग खाणारी बारीक अळी दिसते. लहानपणी ती पांढुरकी असते आणि वाढली की गुलाबी होते. फवारणी झालेल्या शेतात मुलांना नेऊ नये, हे येथे स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. शाळेच्या आवारात दहा-बारा झाडे लावून हे सारे दाखवता येते. शेजारच्या शेतातील कामगंध सापळ्यात किती पतंग अडकले हे मोजता येते. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून घेणाऱ्या या सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग आले, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे धरतात, म्हणजे याच्या पुढे फवारणीवरचा खर्च परवडतो आणि याच्या अलीकडे तो वाया जातो. ही संज्ञा मुलांना फार आवडते, कारण तीत ‘कीड दिसली की मारा’ या नेहमीच्या सल्ल्याला आकड्याने उत्तर दिलेले असते. ढालकिडे आणि क्रायसोपाच्या अळ्या मावा कशा फस्त करतात, हे एकदा भिंगातून पाहिलेले मूल अन्नसाखळीची व्याख्या चुकत नाही. आणि जानेवारीनंतर पाणी देऊन कापसाचे तेच पीक लांबवले, म्हणजे फरदड घेतली, तर अळीला पुढच्या हंगामापर्यंत खाद्य मिळते, हे मूल घरी सांगते. घरचे ते ऐकतातच असे नाही.

जैवविविधतेसाठी बांधाहून चांगली जागा नाही. श्रावणात दोरीने एक मीटर लांब-रुंद चौकोन आखून त्यातील वनस्पती वेगळ्या केल्या, तर हराळी, कुंदा, लव्हाळा, केना, आघाडा, कुर्डू, तांदुळजा ही नावे मुलींच्या तोंडून अधिक निघतात, कारण खुरपणीला आईबरोबर त्याच जातात. तसाच चौकोन रस्त्याकडेला गाजरगवतात आखला, तर मोजण्याला फार काही उरत नाही. १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम नोंदले गेलेले हे परदेशी तण आज प्रत्येक गावात आहे, आणि दोन चौकोनांतील फरक पाहिल्यावर ‘आक्रमक प्रजाती’ ही संज्ञा वेगळी सांगावी लागत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. माधव गाडगीळ यांनी या नोंदवहीची कल्पना मांडली ती गावाने आपले ज्ञान आपण लिहावे म्हणून. हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर मात्र पुष्कळ नोंदवह्या घाईने आणि बाहेरच्या माणसांकडून पुऱ्या झाल्या. मुलांनी केलेली बांधाची यादी त्या नोंदवहीला जोडण्याची विनंती ग्रामसभेत करावी. तो त्या मुलांचा हक्कच आहे.

हवामान बदलाविषयी थोडकेच सांगावे. आजचा पाऊस ही हवा, आणि हवामान म्हणजे साधारण तीस वर्षांची सरासरी, एवढा भेद पक्का झाला, की पावसाच्या एका सरीवरून किंवा एका कोरड्या जुलैवरून मुले निष्कर्ष काढत नाहीत. वितळत्या हिमनगांची चित्रे दाखवून त्यांना भय घालण्यात काही साधत नाही.

ज्यांच्याविषयी सर्वांत कमी लिहिले जाते अशी मुले म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर दिवाळीनंतर गाव सोडणारी मुले. परिसर अभ्यासाचा परिसरच त्यांच्या बाबतीत दर सहा महिन्यांनी बदलतो. त्यांच्या गावात पाणी का नाही आणि ते जातात त्या गावात उसाला पाणी कोठून येते, याची तुलना करू शकणारी हीच मुले आहेत, आणि वर्गात त्यांचे मागे पडणे मोजले जाते, त्यांचे पाहणे मोजले जात नाही. एप्रिलमध्ये ती परत आली, की त्यांना प्रथम बोलू द्यावे, असा आग्रह या विषयाच्या प्रत्येक शिक्षकाने धरला पाहिजे.

जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला येतो, तेव्हा मराठवाड्यातील शाळा उन्हाळी सुटीत असतात, आणि शाळा उघडल्यावर तो रोपे लावून व घोषवाक्ये लिहून साजरा होतो. विहिरीचे पाणी वर्षातील सर्वांत खाली गेलेले असते ते मेच्या अखेरीस, म्हणजे त्याच सुटीत. ही एक नोंद हुकली, तर ऑक्टोबरच्या नोंदीशी ताडून पाहायला काही राहत नाही आणि वर्षाचा ताळेबंद मांडता येत नाही. म्हणून शिक्षकांना विनंती आहे की, सुटी लागण्यापूर्वी गाठी मारलेला दोर आणि वही गावात राहणाऱ्या दोन मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या हाती सोपवावी, विहीर कोणती ते ठरवून द्यावे, आणि मे महिन्याची पातळी मृगाआधी लिहून घ्यावी.